साप चावला नाही, तरी पापणी का पडते? मायस्थेनिया आणि त्यामागच्या प्रतिपिंडांच्या शोधाची गोष्ट

मण्यार चावली की काय होतं, हे रनाळ्यासारख्या गावात वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री ती चावते. खूण धड दिसत नाही, सूज नसते. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, बोलणं बोबडं होतं, थुंकी गिळता येत नाही आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर श्वास अडतो. माणूस मात्र शुद्धीवर असतो. त्याला सगळं कळत असतं, फक्त स्नायू हुकूम मानत नाहीत.

आता अशी एक बाई डोळ्यांसमोर आणा, जिला कधीच साप चावलेला नाही. सकाळी उठते तेव्हा ती ठीक असते. दुपारपर्यंत निंदणी करते. संध्याकाळी मात्र एक पापणी खाली येते, भाकरी चावताना जबडा थकतो, केस विंचरायला हात वर राहत नाहीत. रात्रभर झोपली की सकाळी पुन्हा बरी. डॉक्टरकडे नेली तर सकाळच्या ओपीडीत काहीच सापडत नाही. मग घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. शेजारी म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. नजर, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, सगळं तपासून होतं आणि अहवाल नॉर्मल येतात.

या आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. 'स्नायूंचा गंभीर अशक्तपणा' एवढाच त्या नावाचा अर्थ. आपल्याकडे अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते अमिताभ बच्चन यांच्यामुळे. 1984 मध्ये त्यांना या आजाराचं निदान झालं आणि त्यानंतरही ते कित्येक दशकं काम करत राहिले, हे तुम्ही पाहिलंच आहे.

सापाचा आणि या आजाराचा संबंध मी केवळ उपमा म्हणून जोडलेला नाही. या आजाराचं मूळ कारण शास्त्रज्ञांना सापडलं, ते खरोखरच मण्यारीच्या एका भाऊबंदाच्या विषामुळे. आज ती गोष्ट सांगतो. ती समजली की तुमच्या हातातल्या रक्ताच्या अहवालाचा अर्थही नीट लागेल.

आधी थोडं शरीराबद्दल

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून विजेसारखा स्नायूपर्यंत येतो. पण तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये अगदी बारीक फट असते. तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं आणि पलीकडे स्नायूवर असलेल्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि अ‍ॅसिटिलकोलिन म्हणजे किल्ली, असं समजा. किल्ली लागली की स्नायू आखडतो. लगेच एक एन्झाइम येऊन त्या किल्लीचे तुकडे करतं, म्हणजे पुढच्या हुकुमाला जागा मोकळी.

हा सांधा लक्षात ठेवा. इथून पुढची सगळी गोष्ट त्या एका फटीतच घडते.

नाव मिळायलाच दोनशे वर्षं

1672 मध्ये थॉमस विलिस या इंग्लंडमधल्या डॉक्टराने एका बाईचं वर्णन लिहून ठेवलं. ती सकाळी बरी असायची, पण बराच वेळ बोलली की तिची वाचाच बसायची आणि तासा-दोन तासांनी परत यायची. रक्तातच काहीतरी बिघाड असावा, असा विलिसचा अंदाज होता. आज मागे वळून पाहिलं तर तो अंदाज नवल वाटावं इतका जवळचा होता. पण तेव्हा तो पडताळून पाहण्याचं कुठलंही साधन नव्हतं आणि पुढे दोनशे वर्षं ते वर्णन पुस्तकात पडून राहिलं.

1877 मध्ये लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी अशाच एका तरुणीची हकिगत छापली. सुरुवातीला तिला हिस्टेरिया असावा असं वाटलं होतं. पुढे ती श्वास बंद पडून गेली. शवविच्छेदनात मेंदू पाहिला तर तिथे आजाराची खूण नव्हती. त्यानंतर जर्मनीत विल्हेल्म एर्ब यांनी आणि वॉर्सात सॅम्युअल गोल्डफ्लाम यांनी अशा रुग्णांची बारकाईने वर्णनं केली. 1895 मध्ये बर्लिनच्या फ्रीड्रिख यॉली यांनी आजाराला आजचं नाव दिलं. त्यांनी आणखी एक महत्त्वाचं काम केलं. रुग्णाच्या स्नायूला विजेचे छोटे झटके पुन्हा पुन्हा दिले तर स्नायूचं आखडणं हळूहळू क्षीण होत जातं आणि विश्रांती दिली की परत येतं, हे त्यांनी दाखवलं. हा थकवा मनाचा नसून स्नायूत मोजता येतो, याचा तो पुरावा होता. आज न्यूरॉलॉजिस्ट 'आरएनएस' नावाची जी तपासणी करतात, ती याच कल्पनेवर उभी आहे.

'नाटक करते' असं कोणी म्हणालं, तर ही गोष्ट 1895 सालीच निकालात निघाली आहे, हे त्यांना सांगा.

बाणाचं विष आणि शेंगेचं विष

कारण माहीत नसतानाच उपचार मात्र सापडला आणि तोही दोन विषांची जोडी जुळवून.

दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणाला कुरारे नावाचं विष लावत. बाण लागलेलं जनावर लुळं पडायचं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी दाखवून दिलं, की कुरारे मेंदूवर नाही, तर तंतू आणि स्नायू यांच्यामधल्या सांध्यावर घाव घालतं. दुसरं विष पश्चिम आफ्रिकेतलं, कॅलाबार शेंगेचं. तिथे गुन्ह्याचा संशय असलेल्याला ही शेंग खायला देत. वाचला तो निर्दोष, मेला तो दोषी. या शेंगेतून फायसोस्टिग्मिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि ते कुरारेवर उतारा ठरतं, हे कळलं.

लंडनच्या ग्रीनिच भागातल्या सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर काम करत होत्या. विद्यापीठातली मोठी खुर्ची त्यांच्याकडे नव्हती. मायस्थेनियाची लक्षणं कुरारेच्या विषबाधेसारखी दिसतात, हे त्यांच्या कानावर आलं. मग त्यांनी सरळ हिशेब मांडला: आजार कुरारेसारखा असेल, तर कुरारेचा उतारा इथेही चालायला हवा. 1934 मध्ये त्यांनी एका रुग्ण बाईला फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं. पडलेली पापणी उघडली, हात उचलता आले. काही तासांनी परिणाम ओसरला, पण गूढ आजारावर पहिल्यांदाच काहीतरी लागू पडलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी निओस्टिग्मिन हे त्याच जातीचं औषध वापरून दाखवलं. आज रुग्ण दिवसातून तीन-चार वेळा पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेतात, ती याच घराण्यातली.

ही औषधं किल्लीचे तुकडे करणाऱ्या एन्झाइमला काही काळ थोपवून धरतात. त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन फटीत जास्त वेळ टिकतं. कपाशीवर फवारायची काही कीटकनाशकं हेच एन्झाइम फार जोरात आणि फार काळ बंद पाडतात. म्हणून विषबाधेत लाळ गळते, घाम फुटतो, स्नायू थडथडतात आणि मग लुळे पडतात. औषध आणि विष यांतला फरक इथे मात्रेचा आणि वेळेचा आहे. त्यामुळे 'एका गोळीने बरं वाटतं तर तीन घेऊ' असं स्वतःच्या मनाने कधीही करू नका.

मेरी वॉकर यांच्या इंजेक्शनने एक गोष्ट नक्की झाली. बिघाड त्या सांध्यातच होता. पण तो कोण करत होतं, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं.

छातीतली ग्रंथी आणि एक धाडसी अंदाज

1901 मध्ये जर्मनीत या आजाराच्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनात छातीच्या हाडामागे गाठ आढळली होती. ती थायमस ग्रंथीची होती. ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयानुसार आक्रसत जाते. 1936 मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी मायस्थेनिया असलेल्या तरुणीची अशी गाठ शस्त्रक्रियेने काढली आणि ती सुधारली. पण पापणी कुठे आणि छातीतली ग्रंथी कुठे? दोघींचा संबंध काय, हे सांगता येत नव्हतं. रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींची शाळा थायमसमध्ये भरते, हे 1960 च्या दशकात कळलं.

1960 मध्येच स्कॉटलंडच्या जॉन सिम्पसन यांनी सुटे धागे एकत्र विणले. हा आजार तरुण स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. या रुग्णांना थायरॉइडचे किंवा सांध्यांचे, शरीराने शरीरावरच उलटण्याचे इतर आजारही आढळतात. थायमस बिघडलेली असते. आणि सर्वांत बोलका धागा म्हणजे, आजारी आईला झालेलं बाळ कधी कधी जन्मतः ढिलं असतं, दूध ओढू शकत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. म्हणजे आईच्या रक्तातून वारेवाटे काहीतरी बाळात जातं आणि हळूहळू संपतं. सिम्पसन म्हणाले, ते 'काहीतरी' म्हणजे प्रतिपिंडं असावीत, म्हणजे अँटीबॉडी.

प्रतिपिंडं शरीर एरवी जंतूंविरुद्ध तयार करतं. गोवर किंवा धनुर्वाताच्या लशीनंतर आपल्याला संरक्षण मिळतं ते त्यांच्यामुळेच. तीच जर आपल्याच अवयवाला शत्रू समजून चिकटली, तर त्यांना ऑटोअँटीबॉडी म्हणतात. राखणदार घरच्याच माणसावर काठी उगारतो, तसं. सिम्पसन यांचा अंदाज बरोबर होता, पण हातात पुरावा नव्हता. रिसेप्टर कोणी पाहिलेलाच नव्हता, मग त्याविरुद्धचं प्रतिपिंड दाखवणार कसं?

सापाचं विष, विजेचा मासा आणि पडलेले ससे

इथे मण्यार गोष्टीत येते. 1963 मध्ये तैवानमधल्या चँग आणि ली या शास्त्रज्ञांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन नावाचा घटक वेगळा केला. मण्यारीचं शास्त्रीय कुळ 'बंगारस', त्यावरून हे नाव. हा घटक स्नायूवरच्या अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टरवर जाऊन बसतो आणि जवळपास सुटतच नाही. कुलपात किल्ली मोडून बसावी तसा. शास्त्रज्ञांना हवं होतं तेच मिळालं: हजारो प्रथिनांच्या गर्दीत फक्त या एका रिसेप्टरला चिकटणारी खूण.

आता रिसेप्टर भरपूर मिळेल असा प्राणी हवा होता. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांमध्ये एक विजेचा मासा असतो. झटका देणारा त्याचा अवयव मुळात स्नायूंपासूनच बनलेला, त्यामुळे त्यात हे रिसेप्टर खच्चून भरलेले असतात. अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी त्यातून रिसेप्टर शुद्ध केला आणि सशांना टोचला. सशांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हावीत, एवढाच हेतू होता. ती प्रयोगशाळेत हत्यार म्हणून वापरायची होती.

झालं भलतंच. ससे लुळे पडू लागले. त्यांना निओस्टिग्मिन देताच ते सुधारले. 1973 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माशाच्या रिसेप्टरविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं सशाच्या स्वतःच्या रिसेप्टरवरही उलटली होती. माणसातला आजार प्राण्यात जसाच्या तसा उभा राहिला होता.

त्याच वर्षी अमेरिकेत फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी सापाच्या विषाला किरणोत्सारी खूण लावून रुग्णांच्या स्नायूंमधले रिसेप्टर मोजले. निरोगी माणसाच्या तुलनेत ते खूपच कमी भरले. 1975 मध्ये रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली, तेव्हा उंदरांमध्येही तोच बिघाड दिसला. 1976 मध्ये लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी 71 रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांपैकी 87 टक्के जणांच्या रक्तात रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. त्याच वर्षी लंडनच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या रक्तातला द्रव बदलून, म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज करून, प्रतिपिंडं काढून टाकली आणि रुग्णांना जोर आला.

टाकली की आजार, काढली की आराम. विलिसच्या अंदाजानंतर तीनशे चार वर्षांनी रक्तातला तो बिघाड हाती लागला.

ही प्रतिपिंडं तीन प्रकारे नुकसान करतात. काही रिसेप्टरवर बसून वाट अडवतात. काही दोन रिसेप्टर एकत्र बांधतात, मग स्नायूची पेशी ते आत ओढून नष्ट करते. आणि काही रक्तातल्या 'कॉम्प्लिमेंट' नावाच्या प्रथिनांना बोलावून तिथली भिंतच फोडतात. कुलपं कमी उरली की पहिले काही हुकूम पाळले जातात, पण काम सुरू राहिलं की प्रत्येक हुकुमाला सुटणारं रसायन घटत जातं आणि उरलेली कुलपं पुरत नाहीत. म्हणून सकाळी बरं आणि संध्याकाळी पापणी खाली.

अहवाल 'निगेटिव्ह' आला, मग?

हा भाग नीट वाचा, कारण रुग्णाची सगळ्यात जास्त फरपट इथे होते.

रक्ताची ती तपासणी आज 'अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टर अँटीबॉडी' या नावाने होते. तिची मूळ पद्धत अजूनही त्या सापाच्या विषावरच चालते: खूण लावलेलं विष रिसेप्टरला चिकटवायचं आणि रुग्णाची प्रतिपिंडं त्याला पकडतात का, ते पाहायचं. तपासणी पॉझिटिव्ह आली आणि लक्षणंही जुळत असली, तर निदान जवळपास पक्कं.

पण उरलेल्या रुग्णांचं काय? त्यांना आजार नाही का? आहे. 2001 मध्ये ऑक्सफर्डच्या अँजेला व्हिन्सेंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा काही रुग्णांमध्ये प्रतिपिंडं रिसेप्टरविरुद्ध नसून, रिसेप्टरना जागेवर धरून ठेवणाऱ्या 'मस्क' या प्रथिनाविरुद्ध असतात. या रुग्णांमध्ये गिळणं, बोलणं आणि मानेचे स्नायू यांचा त्रास जास्त असतो आणि पायरिडोस्टिग्मिनचा उपयोग बऱ्याचदा कमी होतो. 2011 च्या सुमारास एलआरपी4 या तिसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडंही सापडली. तरीही काही जणांच्या रक्तात आजच्या तपासण्यांना काहीच मिळत नाही. ज्यांचा आजार फक्त डोळ्यांपुरता आहे, त्यांच्यात तर जवळपास निम्म्यांचा अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

1. निगेटिव्ह अहवाल म्हणजे 'आजार नाही' असा दाखला नव्हे. मस्कची तपासणी, आरएनएस किंवा आणखी बारीक 'सिंगल फायबर ईएमजी' यांनी निदान पुढे नेता येतं.
2. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. एकाचा आकडा फार मोठा असून फक्त पापणी पडते, दुसऱ्याचा लहान असून श्वासाला त्रास होतो. शेजारच्या रुग्णाशी आकड्यांची तुलना करू नका.
3. निदान झालं की छातीचा सीटी स्कॅन करून थायमसची गाठ पाहणं गरजेचं आहे. सुमारे दहापैकी एका रुग्णात ती असते आणि असली की काढावी लागते. गाठ नसतानाही रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडं असलेल्या रुग्णांना थायमस काढल्याने फायदा होतो, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं.

गावात बसून काय करता येईल?

या तपासण्या गावात होत नाहीत. रक्ताचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो आणि न्यूरॉलॉजिस्टसाठी अनेकांना नंदुरबारहून नाशिक किंवा सुरत गाठावं लागतं. पण संशय घेणं गावातच होऊ शकतं आणि तोच अर्धा रस्ता आहे.

मोबाइलवर फोटो काढा, एक सकाळी उठल्यावर आणि एक संध्याकाळी. सकाळच्या ओपीडीत जे दिसत नाही, ते डॉक्टरांना फोटोत दिसेल. डॉक्टर रुग्णाला एकटक वर पाहायला लावतील, पापणी हळूहळू उतरते का पाहतील. पडलेल्या पापणीवर कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं ठेवल्यावर पापणी उघडली, तर मायस्थेनियाची शक्यता वाढते. थंडीत ते एन्झाइम मंदावतं आणि सांध्याचं काम सुधारतं. म्हणजे मेरी वॉकर यांचं औषध जे करतं, तेच थोडा वेळ बर्फ करतो.

निदान झालेल्या रुग्णाने आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी आणि तापाच्या, जुलाबाच्या साध्या दुखण्यातही दाखवावी. कारण नेहमीच्या वापरातली काही औषधं हा सांधा आणखी दुबळा करतात: जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, क्लोरोक्विन, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि बाळंतपणात झटक्यांसाठी दिलं जाणारं मॅग्नेशियमचं इंजेक्शन. गरोदर रुग्णाने हे आधीच सांगून ठेवावं आणि बाळंतपण नवजात बाळाची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात करावं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर त्या स्वतःहून अचानक बंद करू नका. लिहून दिलेली कोणतीही गोळी बदलायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गिळताना ठसका लागू लागला, पाणी नाकातून येऊ लागलं, मान सावरेना, एका श्वासात वीसपर्यंत आकडे म्हणता येईनात किंवा आडवं पडल्यावर दम लागू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा. श्वासाला काही दिवस आधार मिळाला, प्लाझ्मा बदलला किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं, की बहुतेक रुग्ण यातून बाहेर येतात.

आणि एक उलट बाजू. धडधाकट माणसाच्या पापण्या एका रात्रीत पडल्या असतील, तर तो मायस्थेनिया समजून थांबू नका. आधी सर्पदंशाचा विचार करा, अंगावर खूण दिसली नाही तरी. तिथे प्रतिविष लागतं आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. दोन्ही आजारांत घाव एकाच सांध्यावर पडतो. फरक वेळेचा आहे: साप काही तासांत जे करतो, ते प्रतिपिंडं आठवडे आणि महिने घेऊन करतात.

एके काळी या आजारात श्वास बंद पडून माणसं जात. आज योग्य औषधांवर बहुतेक रुग्ण शेती करतात, नोकरी करतात, मुलं वाढवतात. तुमच्या घरात किंवा गल्लीत संध्याकाळी थकणारी, सकाळी बरी दिसणारी कोणी असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी ते दोन फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा.